सशाचा विमा काढावा का?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडहून भाचीचा फोन आला. तिळगूळ, हलवा, तिकडची थंडी असे सगळे बोलून झाल्यावर ती जरा चाचरत म्हणाली, "मामा, हसू नकोस हं. सशाचा विमा काढू का?"

मी हसलोच. नुकताच वॉर्डातून घरी आलो होतो. त्या दिवशी पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी दाखल झाले होते. छातीत दुखायला लागून दोन दिवस उलटले होते. पहिला दिवस 'पित्त असेल' म्हणण्यात गेला, दुसरा पैशांची जुळवाजुळव करण्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचे उपचार होऊ शकतात, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. असा दिवस डोक्यात घेऊन बसलेल्या डॉक्टरला सशाच्या विम्याबद्दल विचारले तर तो हसणारच.

पण भाची हसत नव्हती. तिच्याकडे आधी एक ससा होता, कापूस नावाचा. ऑक्टोबरात एका शुक्रवारी संध्याकाळी त्याने गवताला तोंड लावले नाही. शनिवारी तो कोपऱ्यात अंग आक्रसून बसून राहिला. लेंड्या अगदी थोड्या आणि बारीक. भाचीने रात्रीच्या तातडीच्या दवाखान्यात फोन केला. नुसत्या तपासणीचे अडीचशे पौंड, उपचार वेगळे, असे कळले. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, घराचा हप्ता डोक्यावर होता. दोघांनी ठरवले, सोमवारी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊ. रविवारी पहाटे कापूस निपचित पडलेला सापडला.

"मला पैशाचं वाईट वाटत नाही," भाची म्हणाली. "लेक रोज विचारते, पैसे असते तर तो वाचला असता का? मी काय सांगू?"

आता त्यांच्याकडे प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलेली सशांची जोडी आहे. संक्रांतीच्या तोंडावर आणली म्हणून मुलीने त्यांची नावे तीळ आणि गूळ अशी ठेवली. तीळ मादी, गूळ नर. आता पुन्हा तशी वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून हा विम्याचा प्रश्न. मी पशुवैद्य नाही, विमा एजंटही नाही. पण आजार, पैसा आणि उशीर या तिघांची गाठ मी रोज पाहतो. त्यामुळे आठवडाभर वेळ काढून मी तिच्या पॉलिसीची कागदपत्रे वाचली, सशांविषयी वाचले, ओळखीच्या पशुवैद्यांना विचारले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो. आपल्याकडेही आता बऱ्याच घरांत ससे आहेत आणि परदेशातली आपली मुले-नातवंडेही ते पाळतात.

बिल पहिल्यांदाच दिसते तेव्हा

ब्रिटनमधल्या लोकांना प्राण्यांच्या विम्याची एवढी काळजी का, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९४८ सालापासून तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. मुलीला न्यूमोनिया झाला, आजोबांना हृदयविकाराचा झटका आला, तरी रुग्णालयातून बाहेर पडताना हातात बिल येत नाही. खर्च करांतून भागतो. त्यामुळे आजाराचा खर्च किती असतो, हे अनेक ब्रिटिश माणसांना पहिल्यांदा कळते ते कुत्रा, मांजर किंवा ससा आजारी पडल्यावर. एक्स-रे, भूल, सलाइन, एका रात्रीचे दाखल राहणे, प्रत्येकाची किंमत बिलावर छापलेली असते. हा खर्च इतका चर्चेत आला की तिथल्या स्पर्धा नियामकाने मे २०२४ मध्ये पशुवैद्यकीय सेवांच्या बाजाराची औपचारिक चौकशी सुरू केली.

आपले उलटे आहे. बिल आपल्या ओळखीचे आहे, पण प्राण्यासाठी एवढा खर्च करायचा ही कल्पना नवी आहे. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच. आजार अचानक येतो, पैसे अचानक येत नाहीत.

ससा आजारी कसा पडतो

विमा घ्यावा की नाही हे ठरवायचे तर ज्याचा विमा काढायचा त्याला काय काय होऊ शकते, हे माहीत हवे. माणसाचा विमा काढताना आपण मधुमेह, रक्तदाब, घरातला हृदयविकार विचारात घेतो. सशाचेही तसेच.

ससा हा शिकार होणारा प्राणी. रानात जो दुबळा दिसतो तो आधी मारला जातो. त्यामुळे दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते, ससा गप्प बसतो. तो आजारी आहे हे आपल्याला कळते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट पोटाची. सशाचे आतडे सतत हलते राहावे लागते आणि ते हलते राहते गवतातल्या तंतूंमुळे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला त्याला एक मोठी पिशवी असते. तिथे जिवाणू गवत आंबवतात. ससा काही तास खायचा थांबला की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो आणखी खात नाही. याला जीआय स्टॅसिस म्हणतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेले बाहेर पडायला एकच वाट उरते. दहा-बारा तास काही न खाणे म्हणजे माणसाच्या दृष्टीने एक उपास. सशाच्या दृष्टीने ती तातडीची वेळ असते. कापसाला बहुधा हेच झाले असावे. तो शुक्रवारी संध्याकाळी थांबला आणि रविवारी पहाटे गेला.

तिसरी गोष्ट दातांची. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटर. गवत चघळून ते झिजतात. गवत कमी पडले किंवा जबड्याची ठेवण वाकडी असली की दात वाढतात आणि दाढांची टोके जिभेला, गालाला टोचतात. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दात घासून घ्यावे लागतात. दाढांसाठी भूल द्यावी लागते. हा खर्च एकदा सुरू झाला की बहुधा आयुष्यभर चालतो.

चौथी गोष्ट माद्यांची. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. काही जातींच्या अभ्यासांत मोठ्या वयाच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो सापडला आहे. वेळेवर केलेली एक शस्त्रक्रिया हा धोका संपवते.

शिवाय ब्रिटनमध्ये दोन साथीचे विषाणूजन्य रोग आहेत. मिक्सोमॅटोसिस तिथे १९५३ मध्ये पोहोचला आणि त्याने रानटी सशांचा फडशा पाडला. दुसरा रक्तस्रावी रोग. त्याचा नवा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये ओळखला गेला. दोन्हींवर लस आहे. लस चुकली तर जीव जातो आणि विम्याचा दावाही.

पॉलिसीत काय असते, काय नसते

भाचीने पाठवलेल्या कोटेशनमध्ये एका सशाचा हप्ता महिन्याला १८ पौंड होता. वर्षाला २१६. उपचारांची मर्यादा वर्षाला २,००० पौंड. प्रत्येक आजारासाठी वर्षातून एकदा पहिले ९० पौंड आपण भरायचे, पुढचे कंपनी देणार.

ससा आठ ते बारा वर्षे जगतो. नऊ वर्षे धरली आणि हप्ता अजिबात वाढला नाही असे मानले, तरी १,९४४ पौंड होतात. प्रत्यक्षात वयाबरोबर हप्ता वाढतो. त्यात ससा एकटा ठेवू नये, असे तिथले सगळे पशुवैद्य सांगतात, म्हणजे हा आकडा दुप्पट. "एवढे पैसे भरायचे आणि काहीच झाले नाही तर?" भाचीच्या नवऱ्याचा प्रश्न बरोबर होता.

त्याचे उत्तर थेट आहे. सगळ्या ग्राहकांचे मिळून पाहिले तर विमा हा तोट्याचाच व्यवहार असतो. कंपनीचे पगार, जाहिराती, नफा आणि तिथला १२ टक्के विमा कर हे सारे हप्त्यांतूनच निघते. सरासरी ग्राहकाला भरले त्यापेक्षा कमीच परत मिळते. म्हणून पैसे वाचवायला कुणी विमा घेऊ नये. विमा घ्यायचा तो एकरकमी आलेला जो खर्च आपल्याला पेलणार नाही, त्याच्यासाठी.

मग बारीक अक्षरांत काय आहे ते मी तिला एकेक करून वाचायला सांगितले. लसीकरण आणि नसबंदी पॉलिसीत नसते, हे ठरलेले खर्च आहेत. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले चौदा दिवस आजारपणाचा दावा करता येत नाही. पॉलिसीच्या आधीपासून असलेला आजार कायमचा बाहेर. दातांच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. काही कंपन्या दात वाढण्याचा खर्च देतच नाहीत, काही देतात पण दरवर्षी दात तपासल्याची नोंद मागतात. सशांमध्ये जे सर्वांत जास्त होते, तेच अनेकदा वगळलेले असते.

पॉलिसीचा प्रकारही पाहावा लागतो. स्वस्तात मिळते ती फक्त अपघाताची. त्याच्या वरची, एका आजाराचा खर्च बारा महिनेच देणारी. त्यानंतर तो आजार 'जुना' ठरतो. एका आजारासाठी ठराविक रक्कम देऊन थांबणारी आणखी एक. आणि शेवटची, जिला तिथे 'लाइफटाइम' म्हणतात. तिच्यात दरवर्षी नूतनीकरण केले की मर्यादा नव्याने सुरू होते आणि जुनाट आजारही चालतो. सशाचे दुखणे बहुधा पुन्हा पुन्हा उलटणारे असते. त्यामुळे घ्यायचीच तर लाइफटाइम, नाहीतर नको, असे माझे मत झाले.

एक गोष्ट मात्र भाचीला ठाऊक नव्हती. विमा असला तरी पुष्कळ ठिकाणी बिल आधी स्वतः भरावे लागते, कंपनी नंतर परतावा देते. काही दवाखाने कंपनीकडून थेट पैसे घेतात, पण त्यासाठी आधी मंजुरी लागते आणि रात्री दोन वाजता ती मिळतेच असे नाही. म्हणजे ज्या रात्रीसाठी ती विमा घेणार होती, त्या रात्री हाताशी रोख लागणारच होती.

तिळीचा दाखला

आश्रयगृहाने दोन्ही सशांच्या वैद्यकीय नोंदी दिल्या होत्या. दोघांची नसबंदी झालेली, लसी झालेल्या. गूळ सव्वा वर्षाचा, नोंदीत काही नाही. तीळ अडीच वर्षांची, आणि तिच्या कागदावर एक ओळ होती: दाढांची टोके घासली, सहा महिन्यांपूर्वी.

त्या एका ओळीने तिळीचा हिशोब बदलला. तिचे दात हा आता 'आधीपासूनचा आजार'. त्याचा खर्च कंपनी देणार नाही. एवढ्यावर भागत नाही. दात दुखले की ससा खायचा थांबतो, खायचा थांबला की आतडे मंदावते. उद्या तिळीला स्टॅसिस झाला तर त्याचे मूळ दातांतच होते, असे म्हणून कंपनी तो दावाही नाकारू शकते. माणसांच्या विम्यातही हे मी पाहिले आहे. मधुमेह जाहीर न केलेल्या रुग्णाच्या पायाच्या जखमेचा दावा अडकतो, तेव्हा नातेवाईक केसपेपर घेऊन आमच्या दारात उभे असतात. मी भाचीला बजावले, ती ओळ लपवायची नाही. लपवलेले क्लेमच्या वेळी बाहेर येतेच आणि मग सगळी पॉलिसीच धोक्यात येते.

मग आम्ही फोनवर तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली.

पहिला: आज रात्री दीड हजार पौंडांचे बिल आले तर कर्ज न काढता भरता येईल का? ज्याला येईल त्याला विम्याची गरज कमी. त्याने तोच हप्ता दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावा. भाचीचे उत्तर 'नाही' असे होते.

दुसरा: आपल्या सशाला जे होण्याची शक्यता जास्त, ते या पॉलिसीत आहे का? गुळाच्या बाबतीत हो. तिळीच्या बाबतीत नाही.

तिसरा: पैसे असले तरी ते घेऊन जायचे कुठे? सशांवर उपचार करण्याची सवय असलेला पशुवैद्य जवळ आहे का, रात्री कोण असते? सशाला भूल देणे कुत्र्या-मांजरापेक्षा अधिक जोखमीचे आहे, त्यामुळे सराव असलेला हात लागतो. भाचीने चौकशी केली तेव्हा कळले, तिच्या नेहमीच्या दवाखान्यात रात्री कुणीच नसते. तातडीचा दवाखाना चाळीस मिनिटांवर.

यावरून ठरले ते असे. गुळासाठी लाइफटाइम पॉलिसी. तिळीसाठी विमा नाही. तिचे १८ पौंड दर महिन्याला वेगळ्या खात्यात. दातांचा खर्च येणार हे माहीतच आहे आणि जो खर्च येणार हे माहीत असते, त्यासाठी बचत बरी. शिवाय दोघांसाठी मिळून ५०० पौंडांची रक्कम आधी उभी करायची, रात्रीच्या पहिल्या बिलासाठी. ती जमायला त्यांना चार महिने लागतील. तोवर गरज पडली तर क्रेडिट कार्ड वापरायचे, पण सोमवारची वाट पाहायची नाही, हेही त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकले.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, जरा जड मनाने. विमा पैसे देतो म्हणून प्रत्येक उपचार करायलाच हवा असे नाही. म्हातारा ससा वेदनेत असेल, उपचारांनी फक्त दिवस वाढणार असतील, तर पशुवैद्याला सरळ विचारावे, 'हा तुमचा असता तर काय केले असते?' आमच्या अतिदक्षता विभागाबाहेरही हा प्रश्न मला विचारला जातो. त्याचे खरे उत्तर देणे हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडे काय

आपल्या शहरांत ससा बहुधा मुलांच्या वाढदिवसाला येतो. दुकानातून पिंजऱ्यासकट. फ्लॅटच्या बाल्कनीत राहतो, गाजर खातो. (आपल्या माळरानांवरचा ससा वेगळा. तो वन्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. तो घरी आणू नये.)

त्याचा विमा काढता येतो का? आपल्या विमा कंपन्यांची पाळीव प्राण्यांची पॉलिसी मुख्यतः कुत्र्यांसाठी असते, काहींची मांजरांसाठीही. ससा त्यात सहसा नसतो. गंमत म्हणजे सशाचा विमा आपल्याकडे आहे, पण तो शेतकऱ्यासाठी. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्यासोबत ससाही आहे; तिथे दहा ससे म्हणजे एक 'पशू एकक' धरतात. हा विमा प्राणी मेल्यावर त्याची किंमत देतो. उपचाराचा खर्च देत नाही. पशुपालकासाठी ते योग्य आहे, कारण त्याचे नुकसान किमतीचे असते. ज्या घरात ससा मुलीच्या मांडीवर वाढला, तिथे त्याची किंमत परत मिळून काय करायचे?

म्हणून आपल्याकडच्या घरांसाठी उत्तर सोपे आहे: स्वतःचा निधी. महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला सहा हजार होतात. ससा तरुण असताना आजार कमी, त्यामुळे दोन वर्षांत बऱ्यापैकी रक्कम साठते. तेवढे जमत नसेल तर ससा आणण्याआधीच विचार करावा. मादी असेल तर नसबंदीचा खर्च पहिल्या वर्षातच धरावा. मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इतर शहरांतही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पण आधी एकच प्रश्न विचारून ठेवा, 'तुम्ही सशांवर उपचार करता का?' सगळेच करत नाहीत. हे आजारपणात कळून उपयोग नाही.

आणि निधी असो वा विमा, त्याच्यापेक्षा जास्त काम करणाऱ्या गोष्टी फुकट किंवा स्वस्त आहेत. सशाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा, रोज त्याच्या अंगाएवढा भारा. सोबत हरळी म्हणजे आपल्या दूर्वा, कोथिंबीर, थोडा पाला. गाजर आणि केळे म्हणजे त्याची मिठाई, कधीतरी एखादा तुकडा. पोळी, भात, बिस्किटे नकोत. लसूणघास पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातले कॅल्शियम मूत्रमार्गाला त्रास देते.

उन्हाळा हा आपल्याकडचा त्याचा सर्वांत मोठा शत्रू. सशाला घाम येत नाही. तो उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याला त्रास होऊ लागतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात बाल्कनीत ठेवलेला ससा दुपारच्या उन्हात दगावू शकतो. त्याला घरातल्या गार खोलीत, फरशीवर ठेवा. उचलताना मागचे पाय आणि पुठ्ठे नेहमी हाताने आधार देऊन धरा. त्याच्या मागच्या पायांत ताकद भरपूर आणि हाडे हलकी. हवेत लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. मुलांना तर खाली बसूनच त्याला घेऊ द्या.

डॉक्टर म्हणून एक विनंती. घरातली माणसांची औषधे सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखे आपल्या कपाटात असणारे प्रतिजैविक तोंडाने दिले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि त्यातून ससा मरू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंबही सशाला विषारी आहेत. 'थोडेसे देऊन बघू' यात आधीच कमी असलेला वेळ जातो.

मुलीला काय सांगितले

शेवटी भाचीच्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोललो. नऊ वर्षांची आहे. तिने तोच प्रश्न विचारला. "मामाआजोबा, तू डॉक्टर आहेस ना? पैसे असते तर कापूस वाचला असता का?"

'नाही, बाळा' असे म्हणणे सोपे होते. खरे नव्हते. मी तिला सांगितले की कदाचित वाचला असता, कदाचित नसता. शनिवारी रात्री नेले असते तर त्याला बरे वाटण्याची शक्यता जास्त होती. पण आईबाबांना तेव्हा माहीत नव्हते की सशाने एक रात्र न खाणे एवढे गंभीर असते. मलाही माहीत नव्हते. तू मला विचारलेस म्हणून मी वाचले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता माहीत आहे ना?"

त्यांच्या फ्रिजवर आता तिच्या अक्षरात एक कागद आहे. वर तातडीच्या दवाखान्याचा नंबर. खाली तीन ओळी: गवत खाल्ले का? लेंड्या किती? कान गार आहेत का? रोज शाळेत जाण्याआधी आणि झोपण्याआधी ती पाहते. एका वेळीही 'नाही' आले तर आईला उठवायचे, मग वेळ कुठलीही असो. गुळाचा विमा आणि तिळीचे खाते दोन्ही त्याच्या नंतर येतात. पैशांमुळे उशीर होऊ नये एवढेच त्यांचे काम. उशीर होतोय हे ओळखण्याचे काम त्या कागदाचे.

आमच्या वॉर्डातले ते शेतकरी वाचले. डिस्चार्जच्या दिवशी मी त्यांच्या मुलाला योजनेची माहिती आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर कागदावर लिहून दिला आणि घरात सगळ्यांना दिसेल असा लावायला सांगितला. तुमच्या घरात ससा असेल तर त्या कागदाशेजारी आणखी एक लावा. आज संध्याकाळीच पशुवैद्याला फोन करा आणि विचारा, रात्री कुणाकडे जायचे.